गोळीला तीन दिवस सुट्टी

फोटोसाठी हसा म्हणाले, म्हणून शेडमास्तर हसला आणि त्याचा खालचा ओठ मधोमध फाटला. फार काही नाही, तिळाएवढी चीर. मॅनेजरसाहेबांनी प्रमाणपत्र हातात दिलं, टाळ्या पडल्या, आणि तेवढ्यात रक्ताचा एक थेंब हनुवटीवरून घसरून त्याच्या डाव्या हातातल्या चिठ्ठीवर पडला. ही चिठ्ठी रक्तपेढीच्या बाईंनी मघाशी दंडातली सुई काढल्यावर त्याच्या मुठीत दिली होती. वर त्यानं दिलेल्या रक्ताच्या बॅगेचा नंबर, खाली एक फोन नंबर आणि दोनच ओळी: नंतर काही आठवलं, आपलं रक्त कोणाला देऊ नये असं वाटलं, तर लगेच फोन करा. कारण सांगायची सक्ती नाही. दरवर्षी तो ही चिठ्ठी कॅन्टीनच्या दारातल्या डब्यात टाकून पुढे जात असे. आज टाकली नव्हती. का टाकली नव्हती, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. "अहो शेडमास्तर, बॅगभर दिलंत तेवढं पुरे नाही झालं का?" पॅकिंगचे काका म्हणाले, आणि सगळे हसले. तोही हसायला गेला, पण ओठ आवरून धरावा लागला. रुमाल तोंडाशी धरून तो कॅन्टीनच्या पायऱ्या उतरला आणि शेवटच्या पायरीवर, चांगल्या लख्ख उन्हात, त्याला डॉक्टरीणबाईंचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला: "मोठ्यानं वाचा."

कारखाना रंगाचा होता. यंत्रांना, पत्र्याला, लोखंडी दारांना लावायचे रंग तिथे बनत, आणि गिऱ्हाइकानं पाठवलेल्या तुकड्याशी नव्या रंगाची छटा जुळली की नाही हे शेवटी तो सांगत असे. म्हणून शेडमास्तर. वय अवघं चौतीस, पण मास्तर म्हटलं की माणूस आपोआप पन्नाशीचा होतो. त्याची खोली बिनखिडकीची. भिंती राखाडी, टेबल राखाडी, अंगातला कोटही राखाडी, कारण डोळ्यात भलता रंग शिरला की निवाडा चुकतो. टेबलावर एक मोठी पेटी, तिच्यात तीन प्रकारचे दिवे, आणि त्या दिव्यांखाली तो तळहाताएवढे रंगवलेले पत्रे दिवसभर उलटसुलट करून बघे. छटा जुळली तरी काम संपत नसे. थर नितळ लागतो. एखादा बारीक खड्डा, एखादी पुटकुळी, सालीसारखा खडबडीतपणा दिसला की पत्रा नापास. वीस वर्षं त्याचा स्वतःचा चेहरा या तिन्ही कलमांखाली नापास होत आला होता. शाळेत त्याला 'दाणेदार' म्हणत. तिथल्या गुरुजींनी एकदा चुकून त्याच नावानं हजेरी घेतली आणि त्यानंही चुकून 'हजर' म्हटलं. एका वैद्यानं कौतुकानं 'तारुण्यपीटिका आहेत, जातील' असं सांगितलं होतं. तारुण्य जायच्या बेतात आलं, पीटिका मात्र घर करून बसल्या. लोक बोलताना त्याच्या डोळ्यांत बघायचे, पण ठरवून बघायचे, हे त्याला कळायचं. नजर गालाकडे घसरू नये म्हणून समोरचा माणूस जो प्रयत्न करतो, तो गालाकडे बघण्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून तर त्याला रक्तदान आवडे. बाविसाव्या वर्षापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. आडवं पडलं की तोंड छताकडे, आणि छताला कशाचं काही वाटत नाही. लोकांना हवा असतो दंड, शीर हवी असते. पहिल्या वेळी रक्तपेढीतला कोणीतरी म्हणाला होता, "क्या बात है, एक नंबर शीर!" त्या एका वाक्यावर त्यानं बारा वर्षं काढली होती. आपल्यातलं जे कोणाला दिसत नाही ते चांगलं आहे, असं तो मनाशी म्हणायचा, आणि त्याला त्याचा खरोखर आधार वाटायचा.

डॉक्टरीणबाईंकडे त्याला ताईनं ओढत नेलं होतं. ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ, आणि त्याच्या चेहऱ्याबद्दल घरात बोलायची हिंमत असलेली एकमेव व्यक्ती. "तू काय स्वतःला रंगाचा डबा समजतोस का, झाकण लावून ठेवायला?" असं म्हणून तिनं नंबर लावला. डॉक्टरीणबाई साठीच्या. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही गालांवर जुने व्रण होते, पावडरीनंसुद्धा न झाकलेले, आणि त्या इतक्या सहज मान वर करून बोलत की पाच मिनिटांत ते व्रण दिसेनासे झाले. हे कसं होतं याचा तो अजून विचार करत असे. त्यांनी लगेच गोळी दिली नाही. आधी उपाशीपोटी रक्त तपासायला पाठवलं. लिव्हर बघायचं, रक्तातली चरबी बघायची. पुढच्या खेपेला त्यांनी गोळ्यांच्या खोक्यातला घड्या घातलेला कागद काढला, टेबलभर पसरला आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा." त्याला वाटलं, थट्टा आहे. "मनात वाचलं तर माणूस आपल्याला हवं तेवढंच वाचतो," त्या म्हणाल्या, "मी तीस वर्षं बघतेय." मग त्यानं वाचलं. ओठ, नाक, डोळे कोरडे पडतात. उन्हाला त्वचा हुळहुळी होते. सांधे दुखू शकतात. मन खिन्न होऊ शकतं. तसं झालं तर ताबडतोब सांगा. अंधारात कमी दिसू शकतं. गरोदर बाईनं ही गोळी कधीही घेऊ नये, बाळात गंभीर व्यंग होऊ शकतं. तिथे तो थोडा हसला. "हे मला कशाला?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "घरात बाया आहेत ना? कोणाला चेहऱ्यावर एक फोड आला की 'दे रे तुझी एक गोळी' होतं. द्यायची नाही. ही गोळी गुणी आहे, माझ्याकडचं याहून चांगलं औषध तुम्हाला दाखवता येणार नाही. पण गुणी आहे म्हणून लाडावून ठेवायची नाही. मी एका वेळी एकाच महिन्याची देते. रडलात तरी दोन महिन्यांची देणार नाही."

आणि गोळी खरोखरच गुणी निघाली. पहिले काही आठवडे चेहरा उलट जास्तच चिडला, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसाच. मग एके सकाळी दाढी करताना पातं कुठेही न अडकता कानापासून हनुवटीपर्यंत आलं. तो रेझर हातात धरून तसाच उभा राहिला. इतका सोपा रस्ता त्याच्या गालावर कधी नव्हता. ओठांना दर तासाला मलम लागे, डोळे दुपारनंतर वाळू गेल्यासारखे खुपत, हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले आणि म्हणाल्या, "डोळ्यांवर पोट आहे तुमचं. मग डोस वाढवायचा नाही. दोन महिने जास्त लागतील, लागू देत." घाई न करणाऱ्या माणसांबद्दल त्याला आधीपासूनच आदर होता, कारण घाईनं लावलेला रंग कसा सुटतो हे तो रोज बघत होता. दर रविवारी ताईचा फोन यायचा. "मन कसं आहे?" ती विचारायची. कागदावर लिहिलेलं तिनं पाठ केलं होतं. पहिल्यांदा त्याला हसू आलं. वीस वर्षं चेहरा खराब होता तेव्हा मन कसं आहे असं कोणी विचारलं नव्हतं, आता चेहरा सुधारला तर मनाची चौकशी. पण मग त्याच्या लक्षात आलं की रविवार सकाळपासून तो त्या फोनची वाट बघतो, आणि उत्तर द्यायचं म्हणून आठवडाभर स्वतःच्या मनाकडे जरा नीट बघतोही. एका रविवारी तो म्हणाला, "थोडं जड आहे." ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आली, काही न विचारता दोन दिवस राहिली आणि डॉक्टरीणबाईंना सांगूनच गेली.

कारखान्यात मात्र त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. चेहरा साफ झालेला तर सगळ्यांना दिसत होता. पॅकिंगच्या काकांनी एकदा भर जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "काय केलंत हो?" आणि तो बोलून गेला, "चहातली साखर सोडली." झालं. तेव्हापासून काका, आणि त्यांच्या नादानं पॅकिंगमधले आणखी तिघं, बिनसाखरेचा चहा पित होते, एरंडेल घेतल्यासारखी तोंडं करून. त्याला वाईट वाटे, पण खरं सांगायचं तर 'गोळ्या घेतो' म्हणावं लागलं असतं, 'कसल्या' विचारलं असतं, आणि 'पिंपल्सच्या' हा शब्द चौतीस वर्षांच्या मास्तरनं सगळ्यांसमोर उच्चारावा लागला असता. तो शब्द त्यानं आयुष्यात कोणासमोर काढला नव्हता. डॉक्टरीणबाईंसमोरसुद्धा पहिल्या दिवशी ताईच बोलली होती.

मग रक्तदानाची यादी लागली आणि पहिलं नाव त्याचं. कागदात रक्तदानाबद्दल काहीतरी आहे हे त्याला माहीत होतं. विसरला होता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंसमोर वाचताना ती ओळ त्यानं तोंडातल्या तोंडात उरकली होती, आणि पुढे दर महिन्याच्या खोक्यात तोच कागद हाती आला की तो ती ओळ गाडीनं छोटं स्टेशन सोडावं तशी सोडत असे. यादी बघितल्यावर तो खोलीत आला, पेटीतले तीनही दिवे लावले आणि विचार करत बसला. यंदा नको म्हटलं तर लोक विचारणार, का? बारा वर्षांत नाही म्हणाला नव्हता तो. मग त्यानं रंगवाल्या माणसासारखा हिशेब केला. थर ओला असताना हात लावू नये. पण खिडकी उघडी ठेवली, हवा खेळती असली, तर तिसऱ्या दिवशी थिनरचा वाससुद्धा राहत नाही. नाक लावून बघा, काही नाही. अंगातून रोज इतकं पाणी जातं, घाम जातो. तीन दिवस गोळी घ्यायची नाही, भरपूर पाणी प्यायचं, की अंग वाळलं. शनिवारपासून त्यानं गोळीला सुट्टी दिली. रविवारी ताईनं मन विचारलं तर 'छान' म्हणाला. आणि आज सकाळी फॉर्मवर 'सध्या कोणतं औषध चालू आहे का?' या प्रश्नापुढे, सध्या या शब्दावर बोट ठेवून, त्यानं 'नाही'वर खूण केली. ते खोटं नव्हतं. खोटं नाही हे स्वतःला दोनदा सांगावं लागलं, तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं.

आता तो खोलीत आला, दार लावलं आणि नमुन्याच्या पत्र्यांच्या ढिगाखालून गोळीच्या खोक्यातला तो कागद काढला. ओठाला रुमाल दाबून धरून त्यानं वाचायला सुरुवात केली. मनात. मग थांबला, आणि मोठ्यानं वाचलं. आवाज राखाडी भिंतींवर आपटून परत आला. 'हे औषध घेत असताना आणि औषध बंद केल्यानंतर एक महिन्यापर्यंत रक्तदान करू नये. असं रक्त गरोदर स्त्रीला दिलं गेल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो.' एक महिना. तीन दिवस कुठे आणि महिना कुठे. औषधाला खिडकी नसते, हे त्याला इतका वेळ कसं सुचलं नाही याचं त्याला नवल वाटलं. आणि मग ती बाई त्याच्या डोळ्यांसमोर आली. तिला चेहरा नव्हता. एक पांढरा पलंग, पोटावर ठेवलेला एक हात, आणि वर टांगलेली बॅग. ती झोपली होती. बॅग कोणाची आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं तिला काही कारणही नव्हतं. ते ज्याला माहीत होतं तो इथे, बिनखिडकीच्या खोलीत बसला होता. लगेच मनातला दुसरा माणूस बोलायला लागला. तो फार हुशार होता. तुझी बॅग एखाद्या म्हाताऱ्याला जाईल. हाड मोडलेल्या खेळाडूला जाईल. गरोदर बाईलाच जायची शक्यता किती? शंभरात एक? आणि गेली तरी बॅगभर रक्तात असून असून औषध असणार केवढंसं? त्या हुशार माणसाचं सगळं बरोबर होतं. शेडमास्तरला त्याची भीती वाटली ती त्यामुळेच. कारण हाच माणूस शनिवारी खिडकीबद्दल बोलत होता. त्याचं आणखी काही ऐकू यायच्या आत त्यानं चिठ्ठीवरचा नंबर लावला.

"रक्तपेढी," एका बाईचा आवाज आला. "सकाळी आमच्या कारखान्यात कॅम्प होता," तो म्हणाला. "माझी बॅग... ती कोणाला देऊ नका." त्याला वाटलं, आता ओरडा बसेल. "बरं," बाई म्हणाल्या. "नंबर सांगा." एवढंच. बरं. त्यानं चिठ्ठी उजेडात धरली. ओठावरचा थेंब शेवटच्या आकड्यावर पडून वाळला होता. "शेवटचा आकडा तीन आहे किंवा आठ. डाग पडलाय." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "दोन्ही आमच्याकडे आहेत. दोन्ही बाजूला काढून ठेवते, काळजी करू नका. पण दुसरी बॅग कोणाची तरी चांगली असणार, ती उगाच फुकट जायला नको. फोनवर नाव घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे. तुम्हाला यायला जमेल? सही जुळवून घेऊ." तो येतो म्हणाला. मॅनेजरसाहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागताना त्यांनी विचारलं, "चक्कर येतेय का?" "नाही," तो म्हणाला, "रक्तपेढीत काम आहे." खोटं न बोलता वाक्य पुरं झालं, याचंच त्याला रस्ताभर बरं वाटत राहिलं. बसमध्ये खिडकीशी एक बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. तिचं पोट दिसतंय का हे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं, आणि तो उतरेपर्यंत समोरच्या लोखंडी दांड्याकडे बघत राहिला. दांड्याचा पिवळा रंग त्यांच्याच कारखान्याचा होता.

रक्तपेढीची खोली लांबट, थंड. एका बाजूला उंच फ्रीज, दुसऱ्या बाजूला गरगर आवाज करणारं एक मोठं यंत्र, ज्यात बॅगा फिरवून रक्ताचे भाग वेगळे करतात. दोन तरुण तंत्रज्ञ खाली माना घालून नळ्यांना नंबर चिकटवत होते. फोनवरच्या बाई म्हणजे सकाळी सुई काढणाऱ्याच बाई निघाल्या. बुटक्या, चष्मा कपाळावर, गळ्यात दोरीनं पेन लटकलेलं. त्यांनी स्टीलच्या टेबलावर दोन बॅगा ठेवल्या होत्या. "यातली एक तुमची," त्या म्हणाल्या. त्यानं वाकून बघितलं. धंद्याची सवय; मान आपोआप तिरकी झाली, एक डोळा बारीक झाला. दोन गडद, जड, गप्प लाल. पाव टक्का फरक असता तरी त्याला दिसला असता. अशा फरकासाठी त्यानं पिंपच्या पिंपं परत पाठवली होती, गिऱ्हाइकाशी भांडला होता. इथे काही दिसेना. त्यानं जागा बदलून बघितलं. तरीही नाही. एक कोणाच्याही अंगात जाऊन त्याला उभं करील अशी, आणि एक न द्यावी अशी, दोन्ही सारख्या. "डोळ्यांनी नाही कळायचं हो," बाई म्हणाल्या. "आम्ही रोगांच्या तपासण्या करतो, गट बघतो. पण औषध घेतलंय की नाही, हे आमच्या कोणत्याही यंत्राला कळत नाही. ते देणाऱ्यानं सांगायचं."

त्यांनी फॉर्म काढले, त्याची सही जुळवली. त्याच्या बॅगेचा शेवटचा आकडा आठ निघाला. फॉर्म टेबलावर होता आणि त्यावर त्याची ती 'नाही'ची खूण होती, ठसठशीत, आत्मविश्वासानं मारलेली. बाईंनीही ती बघितली. शेवटी तीन असलेली बॅग त्यांनी तंत्रज्ञाच्या हातात दिली, ती यंत्राकडे गेली. "ओरडत का नाही तुम्ही मला?" त्याच्या तोंडून निघून गेलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "अहो, अठरा वर्षं झाली मला इथे. प्रत्येक कॅम्पात प्रत्येकाला मी चिठ्ठी देते. लोक ती डब्यात टाकतात, मला दिसतं ना. अठरा वर्षांत किती फोन आले असतील सांगा? नऊ. तुमचा दहावा. फोन वाजला ना मघाशी, तर मी या पोरांना म्हटलं, बघा, चिठ्ठी वाचणारा माणूस आहे अजून." त्याला सांगायचं होतं की मी काही तसा माणूस नाही, मी शनिवारपासून लबाडी करत होतो, चांगल्या असाल तर तुम्ही आहात, त्या डॉक्टरीणबाई आहेत, पहिल्या गाडीनं येणारी आमची ताई आहे. तुम्ही सगळ्या दिवसभर कुणाच्या तरी न दिसणाऱ्या गोष्टींची काळजी घेत बसता. त्या बुटक्या बाई त्याला फार उंच वाटल्या.

"आता कारणाचं," बाई रजिस्टर ओढत म्हणाल्या. "सांगायची सक्ती नाही. पण औषध असेल तर सांगितलेलं बरं, म्हणजे पुन्हा कधी देता येईल ती तारीख मी घालून देते." तो हळूच बोलला. यंत्र गरगरत होतं. "काय? मोठ्यानं सांगा, याच्या आवाजात ऐकू येत नाही." ते दोघं तरुण तंत्रज्ञ दोन हातांवर होते. दार उघडं होतं, बाहेर बाकावर कोणाचे तरी नातेवाईक बसलेले. शेडमास्तरनं श्वास घेतला, फाटलेल्या ओठाची पर्वा न करता तोंड पुरतं उघडलं, आणि त्या यंत्राच्याही वरच्या आवाजात म्हणाला, "पिंपल्सची गोळी चालू आहे. सहा महिने झाले. हे तीन दिवस मी माझ्या मनानं बंद केली."

कोणी मान वर केली नाही. नळ्यांवर नंबर चिकटत राहिले. बाहेरच्या बाकावरचा माणूस बुटाची नाडी बांधत होता, ती बांधून झाली.

"किती मिलिग्रॅमची?" बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"वीस," तो म्हणाला. "रोज एक, जेवणानंतर."

"ती मनानं बंद केल्याचं तुमच्या डॉक्टरांनाही सांगा आज," त्या म्हणाल्या, आणि त्याची बॅग उचलून त्यांनी नष्ट करायच्या बॅगांच्या पिवळ्या डब्यात टाकली.